दिपाचा पसंतीक्रम

मी शिरड शहापूरच्या भागात नर्स आहे. लोक संगिता सिस्टर म्हणतात. आजूबाजूच्या गावांतल्या सात आशा ताई माझ्यासोबत काम करायच्या, आता सहा आहेत. सातवी होती रूपाबाई आडे. तिच्या तांड्यावर नवी आशा नेमा म्हणून वरून दोनदा पत्र आलं, पण तांड्यावरची एकही बाई नाव द्यायला पुढं येत नाही. रूपाबाईचं काय झालं ते सगळ्यांना अर्धवट माहीत आहे. पुरतं मला माहीत आहे, आणि तिच्या मुलीला, दिपाला.

रूपाबाई आठवी शिकलेली. लग्न होऊन तांड्यावर आली तेव्हा तिथं तिच्याएवढं शिकलेली दुसरी सून नव्हती. नवरा देवला, साधा माणूस, दुसऱ्याच्या शेतात सोंगणी-काढणीला जाणारा, चार शब्दांच्या जागी एकच बोलणारा. दिपाच्या आधी रूपाबाईची दोन लेकरं जन्मताच गेली होती. दिपा तेवढी राहिली. आशा नेमायच्या निघाल्या तेव्हा रूपाबाई स्वतः चालत माझ्याकडं आली आणि म्हणाली, "सिस्टर, ह्ये काम मला पायजे. मला म्हाईत हाय बाळंतपणात काय व्हतं ते."

चौदा वर्षं तिनं ते काम केलं. पावसाळ्यात ओढा भरला की गरोदर बायकांना आठ-आठ दिवस आधी शिरडला नातेवाइकांकडं आणून ठेवायची. पोरं तिला बघून पळायची, कारण ती आली म्हणजे सुई आली. तांड्यावरच्या प्रत्येक म्हाताऱ्याला धरून माझ्याकडं बीपी तपासायला आणायची. स्वतःचं मात्र एकदाही तपासून घेतलं नाही, आणि माझ्याही ते कधी लक्षात आलं नाही.

एका वर्षी आशा ताईंचा मोर्चा मुंबईला गेला. रूपाबाईनं त्याआधी नांदेडच्या पुढं काही पाहिलेलं नव्हतं. मैदानावर तीन दिवस बसल्या बायका. एका दुपारी पाणी शोधायला निघालेली रूपाबाई रस्ता चुकली आणि एका जुन्या दगडी मेडिकल कॉलेजच्या फाटकापुढं जाऊन उभी राहिली. कॉलेज सुटलं होतं. पांढरे कोट घातलेल्या पोरी बाहेर पडत होत्या. ती तिथं तासभर उभी होती. परत आल्यावर तिनं मला मोर्चाचं काही सांगितलं नाही, त्या पोरींचंच सांगितलं.

"एकीच्या पायात आपल्यासारखीच चप्पल व्हती सिस्टर. साधी. म्या मुद्दाम बघितली."

दिपा तेव्हा दहावीत होती. हुशार होतीच. त्या दिवसापासून रूपाबाईच्या मनात त्या दगडी कॉलेजाशिवाय दुसरं कॉलेज राहिलं नाही. नाव नीट घेता यायचं नाही तिला, 'ते मुंबईचं' एवढंच म्हणायची.

पुढच्याच वर्षी एका लसीकरणाच्या दिवशी ती आरोग्य केंद्राच्या पायरीवर बसली आणि तिला उठताच येईना. बीपी इतकं वर की मला यंत्रच बिघडलं वाटलं. तपासण्या झाल्या. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. देवलाची किडनी जुळली नाही. नांदेडला राहणाऱ्या तिच्या भावाला, धनसिंगला, साखर निघाली, त्यामुळं त्याचीही चालेना. दिपा अठराची झाली की द्यायला तयार होती. रूपाबाईनं डॉक्टरांसमोरच सांगितलं, पोरीच्या अंगाला हात लावला तर मी उद्यापासून येत न्हाई. विषय तिथंच संपला. मग हिंगोलीला सरकारी दवाखान्यात डायलिसिस सुरू झालं. दर सोमवारी आणि गुरुवारी. सकाळच्या गाडीनं औंढ्यावरून हिंगोली, चार तास मशीनवर, संध्याकाळी परत. बाकीच्या दिवशी ती रजिस्टर घेऊन घरोघर फिरायची. दिवसाला दीड ग्लास पाणी, तेवढंच. उन्हाळ्यात मी तिला ओठांवर ओला रुमाल धरून बसलेलं पाहिलं आहे.

सोबत दिपा जायची. बारावी झाल्यावर पहिल्या वेळी डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेला मार्क कमी पडले, म्हणून पुन्हा बसायचं ठरलं. ते सगळं वर्ष तिनं डायलिसिसच्या खोलीबाहेरच्या बाकावर काढलं. जीवशास्त्राचं पुस्तक मांडीवर आणि एक कान आतल्या आवाजाकडं. आत मशीन चालवणाऱ्या पोरांना ती ओळखीची झाली होती. आईचं वजन किती वाढलंय, किती पाणी काढायचं, हे ती मशीन लावणाऱ्याच्या आधी सांगायची.

दुसऱ्या वेळी मार्क पडले. चांगलेच पडले. तांड्यावर ढोलकी वाजली, देवलानं सगळ्यांना गूळ वाटला.

मग पसंतीक्रम भरायचा दिवस आला. कोणतं कॉलेज पहिलं पाहिजे, कोणतं दुसरं, ते ऑनलाइन भरून द्यायचं. वरून खाली बघत जे पहिलं मार्कांत बसेल, तेच मिळतं. शिरडला रत्नपालचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. दिवस गुरुवारचा. रूपाबाईला मशीनवर जायचं होतं, म्हणून त्या दिवशी पहिल्यांदाच देवला तिच्यासोबत गेला, आणि रूपाबाईनं मला सांगितलं, "सिस्टर, तुमी पोरीसंगं बसा. पयलं ते मुंबईचं टाकायला लावा."

रत्नपालनं मागच्या वर्षीच्या याद्या काढून बघितल्या. म्हणाला, "मुंबईचं लागतंय. पक्कं लागतंय. आपल्या जिल्ह्याचंबी लागतंय. पयलं काय टाकू?"

दिपा म्हणाली, "हिंगोलीचं."

मी तिच्याकडं बघितलं. ती पडद्याकडंच बघत होती.

"दिपा, याडीनं काय सांगितलं?" मी विचारलं. आईला ती याडी म्हणायची, बापाला बापू, तांड्यावर सगळेच तसं म्हणतात.

ती मला बाहेर घेऊन आली. "मावशी, मागच्या सोमवारी मशीनवरच याडीचं बीपी खाली गेलं. डोळे फिरवले तिनं. आतल्या पोरानं मला आवाज दिला, मी पाय वर केले, सलाईन चालू करायला लावलं. बापू असते तर त्यांना आवाज दिलेलाबी कळला नसता. मी मुंबईला बसून काय करू? फोनवर ऐकू?"

"पण तिला काय सांगशील?"

"मार्क थोडे कमी पडले म्हणून सांगू. तुमीबी तेच सांगा. हिंगोलीचं कॉलेज सरकारीच हाय, डॉक्टरकी तीच हाय. फक्त तिला कळलं की मी तिच्यापायी सोडलं, तर ती मला तिथं राहू द्यायची न्हाई."

मला पोरीचं बोलणं बरोबर वाटलं. आजही, नुसतं ते बोलणं आठवलं तर बरोबरच वाटतं. मी हो म्हणाले.

यादी लागली. हिंगोली. रूपाबाई लगेच माझ्याकडं आली नाही. दोन दिवसांनी बालकांच्या वजनाच्या दिवशी अंगणवाडीत भेटली. काम झाल्यावर खाली अंथरलेली पोती घडी करता करता म्हणाली, "मार्क खरंच कमी पडले का सिस्टर?"

"व्हय."

"किती?"

"थोडेच."

तिनं हातातलं पोतं भिंतीशी ठेवलं. मग म्हणाली, "त्या बाकावर बसून अभ्यास केला तिनं. माणसं येतात, जातात, कोणी ओकतंय, कोणी रडतंय. घरी बसून केला असता तर तेवढे थोडे मार्क आले असते. माझ्यापायी गेलं ते."

तेव्हा मी तिला खरं सांगू शकले असते. तोंडात आलंही होतं. पण पोरीला शब्द दिला होता, आणि वाटलं, आठ दिवसांनी विसरेल.

दिपाचा प्रवेश झाला त्या दिवशी तिचा मला फोन आला. "मावशी, जागा पक्की केली. पुढच्या फेरीत नाव नको म्हणून अर्ज लिहून दिला. आता बदलायचा प्रश्नच न्हाई." मी म्हटलं बरं केलंस. ती म्हणाली, "याडीला ह्ये सांगू नका. तिला वाटू द्या की लागलं तेच लागलं." कॉलेज सुरू झालं, ती हॉस्टेलला गेली. सोमवारी-गुरुवारी दुपारच्या सुट्टीत जेवण सोडून पळत डायलिसिसच्या खोलीत यायची, आईच्या उशाशी अर्धा तास बसायची. ज्यासाठी तिनं ते कॉलेज घेतलं होतं, तसं तीन आठवडे चाललं. तीनच आठवडे.

सप्टेंबर संपत आला होता. रूपाबाई एका शुक्रवारी दवाखान्याच्या कागदांची झेरॉक्स काढायला रत्नपालच्या दुकानात गेली. रत्नपाल चांगला माणूस आहे. त्याला काही लपवायचं आहे हे कोणी सांगितलंच नव्हतं. मशीनमधून कागद काढता काढता तो कौतुकानं म्हणाला, "तुमची पोरगी गुणाची हाय, बाई. मुंबईचं लागत व्हतं तरी जिल्ह्याचं पयलं टाकलं. दुसरं कोणी असतं तर पळालं असतं."

हे मला रत्नपालनंच नंतर सांगितलं. म्हणाला, "सिस्टर, ऐकून बाई हसल्या. मला वाटलं खुशी झाली. मंग इचारलं, आता बदलता येतं का. म्या म्हनलं, दुसरी फेरी हाय, त्यात नाव टाकता येतं. शेवटची तारीख इचारली. म्या सांगितली. तिनं लिहून घेतली." पोरीनं कॉलेजात काय लिहून दिलं होतं ते रत्नपालला कुठून माहीत असणार?

ती तारीख होती पुढच्या आठवड्यानंतरचा शुक्रवार. चौदा दिवस मध्ये होते.

त्या शनिवारी रूपाबाईनं दिपाला फोन केला. म्हणाली, मी नांदेडला मामाकडं जाऊन राहिले, दोन आठवडे तिथंच राहीन, तिथं मशीनवर नंबर लागलाय, मामी करायला हाय, तू क्लास बुडवून पळू नको. दिपाला बरंच वाटलं. कॉलेजात पहिलीच चाचणी आली होती. देवलाला रूपाबाईनं यातलं काहीच सांगितलं नाही. सोयाबीनची काढणी ऐन भरात होती, तो उजाडायच्या आत शेतावर जायचा. सोमवार आला. ती नेहमीसारखी पिशवी घेऊन, नवीन लुगडं नेसून सकाळच्या गाडीत बसली. संध्याकाळी परत आली. गुरुवारी तसंच. पुढच्या सोमवारी तसंच. देवलानं विचारलं, झालं का? ती म्हणाली, झालं.

हिंगोलीला ती गेलीच नव्हती. औंढ्याला उतरायची आणि नागनाथाच्या देवळाच्या आवारात दिवसभर सावलीला बसायची. हे मी पुढं शोधून काढलं. तिथं बेल-फुलं विकणारी सुमनबाई आहे, तिला ती आठवत होती.

"आजारी दिसायची," सुमनबाई म्हणाली. "म्या इचारलं, बाई, कुठून आलीस? म्हने, पोरगी डॉक्टर व्हायली, तिच्यासाठी बसली हाय. दुसरं काय बोलली न्हाई. पाणी लई प्यायची. माझी घागर अर्धी केली एका दिवशी. म्हनायची, कितीक दिवसांनी पोटभर पाणी प्याले."

मी नर्स आहे. ज्याची किडनी चालत नाही आणि मशीनही बंद आहे, त्यानं पोटभर पाणी प्यायलं तर ते फुप्फुसांत साठतं, हे मला माहीत आहे. चौदा वर्षं आशा होती ती, दोन वर्षं मशीनवर होती. तिलाही माहीत होतं.

बुधवारी आमची महिन्याची मीटिंग होती. रूपाबाई ऑटोतून उतरली तेव्हा तिचा चेहरा सुजलेला होता, डोळे बारीक झाले होते. दारातून खुर्चीपर्यंत येईस्तो तिला दोनदा थांबावं लागलं. तिनं पिशवीतून सगळी रजिस्टरं काढून माझ्या टेबलावर ठेवली. महिनाअखेरच्या सगळ्या नोंदी भरलेल्या. पुढच्या महिन्यात कोणाची तारीख आहे, कोणाच्या लेकराचा कोणता डोस राहिलाय, सगळं वेगळ्या कागदावर लिहून टाचलेलं.

"एवढं काहून लिहिलं?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या जवळ."

मी तिला इंजेक्शनच्या खोलीत नेलं. दार लावलं. डावा हात हातात घेतला. मशीनसाठी केलेली जाड शीर तिथं फुगलेली असते, दर खेपेला तिथं दोन सुया जातात, चिकटपट्टीच्या खुणा राहतात. खुणा नव्हत्या. सुयांच्या जागी वाळलेली खपली होती, तीही निघत आलेली.

"मशीनवर कधी बसल्या होत्या रूपाबाई?"

"परवा."

"हे परवाचं न्हाई."

तिनं हात मागं घेतला. श्वास घेतानाच तिच्या गळ्याजवळची कातडी आत ओढली जात होती. मी ऑक्सिजन लावायला वळले तेव्हा ती म्हणाली, "शुक्रवार शेवटची तारीख हाय. आज-उद्यात काय व्हायचं ते व्हईल. मंग तिला हितं थांबायला कारण न्हाई. रत्नपाल भरून देतो म्हनलाय. तुमी फक्त तिला रडत बसू देऊ नका, शुक्रवारच्या आत नाव टाकायला लावा."

मला आधी कळलंच नाही ती काय बोलतेय. कळलं तेव्हा मी खाली बसले, तिच्या पायांपाशी.

"रूपाबाई, तिला आता बदलता येत न्हाई."

"येतं. म्या इचारलंय."

"तिनं प्रवेशाच्या दिवशीच लिहून दिलंय. पुढच्या फेरीत नाव नको म्हणून. तिचं दार बंद झालंय. तुमी असल्या तरी, नसल्या तरी."

तिनं माझ्याकडं बघितलं. "कोणी सांगितलं?"

"तिनंच. मला."

"तुमाला म्हाईत व्हतं?"

"व्हय."

"कवापासून?"

"पहिल्यापासून."

शिव्या दिल्या असत्या तर मला चाललं असतं. तिनं दिल्या नाहीत. मग तिनं भिंतीला डोकं टेकलं, आणि आवाज खूप बारीक झाला. "मंग म्या कशापायी…" एवढंच म्हणाली. वाक्य पुरं केलं नाही.

थोड्या वेळानं स्वतःच उठायला लागली. "चला सिस्टर. मला मशीनवर घाला. पोरीला कळू देऊ नका."

आमच्या डॉक्टरांनी गाडी काढायला लावली, जी औषधं देता येत होती ती दिली. देवलाला शेतावरून आणायला माणूस पाठवला, पण मी थांबले नाही. गाडीत ती बसूनच होती, आडवं झालं की जीव घाबरायचा. माझा हात धरला होता. औंढा मागं पडेपर्यंत ती शुद्धीत होती. मध्येच विचारलं, "किती वाजले?"

"पावणेदोन."

"पोरीची जेवणाची सुट्टी असंल."

त्यानंतर तिचा हात ढिला पडला. मी तिला खाली घेतलं आणि छातीवर दाब द्यायला लागले. ड्रायव्हर वेगानं चालवत होता. रस्ता किती वेळ चालला मला सांगता येणार नाही. दवाखान्यात पोचलो तेव्हाही मी दाबच देत होते. आतल्या डॉक्टरांनी माझे हात धरून बाजूला केले.

दिपाला कोणीतरी वर्गातून बोलावलं. पांढरा कोट तसाच होता अंगावर. तिनं आईला पाहिलं, मग मला. रडली नाही आधी. म्हणाली, "याडी नांदेडला व्हती. हितं कशी आली?"

देवला तोवर पोचला होता. काढणीतून तसाच आलेला, अंगाला सोयाबीनचा भुसा. तो म्हणाला, "नांदेडला कशाची? घरीच व्हती ती. सोमवारीच हितं येऊन मशीन करून गेली की."

"सोमवारी हितं आली न्हाई ती. मी तर हितंच हाय, बापू."

बापलेक एकमेकांकडं बघत राहिले. दोघांना एकदमच कळत गेलं, थोडं थोडं. मी तिथंच उभी होते.

तांड्यावर माळाच्या कडेला अंत्यविधी झाला. तिनं ज्यांची बाळंतपणं केली त्या सगळ्या बायका लेकरं घेऊन आल्या होत्या. दिपा कोणाच्या गळ्यात पडली नाही.

बाराव्या दिवशी ती माझ्या घरी आली. आईच्या पिशवीत एसटीची सहा तिकिटं सापडली होती तिला, शिरड ते औंढा आणि औंढा ते शिरड. ती टेबलावर ठेवून म्हणाली, "मावशी, आता सांगा."

मी सगळं सांगितलं. रत्नपालचं, तारखेचं, खोलीतलं बोलणं. तिनं पोरीला कळू देऊ नका म्हटलं होतं, तेही सांगितलं. मला वाटलं होतं तिचा बांध फुटेल. ती टेबलावरची तिकिटं सरळ रांगेत लावत होती.

"म्हंजे मी मुंबईला गेले असते तर ती आज असती," ती म्हणाली.

मी म्हटलं, तसं काही नसतं, मशीनवरच्या माणसाचं काही सांगता येत नाही.

"खरं सांगून हितं राहिले असते तरी असती. भांडली असती, चार दिवस बोलली नसती. पण असती." तिनं मान वर केली. "दोन कॉलेजांतलं कोणतंबी घेतलं असतं तरी चाललं असतं, मावशी. मी फक्त तिला खोटं सांगायला नको व्हतं. अन् तुमी तरी सांगायला पायजे व्हतं."

 

महिनाभर ती कॉलेजला गेली नाही. देवलाला तिला काय म्हणावं कळत नव्हतं, तो सकाळी भाकरी करून तिच्यापुढं ठेवायचा आणि कामाला जायचा. मग एके दिवशी ती आपली आपण गेली. सोडून द्यायचं तर कशासाठी सोडायचं, असं काहीतरी बापाला म्हणाली म्हणे. पहिल्या वर्षी एका विषयात राहिली, पुरवणी परीक्षेत काढला. आता दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात वार्डांतही जावं लागतं आता त्यांना. डायलिसिसची खोली त्याच दवाखान्यात आहे. तिथल्या पोरांनी मला सांगितलं, ती त्या बाजूच्या जिन्यानं कधीच येत नाही, फिरून मागच्या दारानं जाते.

मी अधूनमधून रविवारी तिला भेटायला जायचे. डब्यात काहीतरी घेऊन. ती खाली यायची, डबा घ्यायची, फाटकाजवळच्या कट्ट्यावर आम्ही दहा मिनिटं बसायचो. अभ्यास कसा आहे, जेवण कसं आहे, एवढंच बोलणं. एकदा मी न राहवून म्हटलं, "दिपा, तुला डॉक्टर झालेलं बघायचं होतं तिला."

"मुंबईचं बघायचं व्हतं," ती म्हणाली. "अन् मी व्हईन डॉक्टर. व्हईन म्हंजे व्हावंच लागंल. त्याचं पुढं काय करायचं ते मला म्हाईत न्हाई. पेशंटच्या हाताला हात लावला की मला शीरच दिसते." तिनं डबा माझ्या पिशवीत परत ठेवला, न उघडता. "मावशी, तुमी आता येत जाऊ नका. राग न्हाई माझा. पण तुमी दिसल्या की संगं याडीबी दिसते."

मी उठले. तिनं पाया पडल्यासारखं केलं, खाली वाकली आणि आत गेली. मी स्टँडवर आले तेव्हा औंढ्याची गाडी लागलेली होती. मी ती सोडून दिली, पुढची पण सोडली. त्यानंतर तिकडं गेलेली नाही.

देवला दर महिन्याला बीपीच्या गोळ्या न्यायला येतो, आता त्यालाही लागल्यात. दिपा घरी फार येत नाही, फोनही उचलते कधी, कधी नाही. त्याला वाटतं मी अजून जाते तिच्याकडं. गोळ्यांची पुडी खिशात घालून तो थोडा वेळ दारात थांबतो आणि विचारतो, "पोरगी कशी हाय सिस्टर?"

"बरी हाय," मी म्हणते. "अभ्यास करून राहिली."

तो मान हलवतो आणि जातो.